गेटच्या बाहेरचा कायदा

द्रोणागिरीत नोकरी मागायला गेलेल्या तरुणाला शिक्षण नंतर विचारतात, गाव आधी. नवघर, पागोटे, फुंडे, भेंडखळ, बोकडवीरा यांपैकी एखादे नाव तोंडातून बाहेर पडले की समोरच्याचा चेहरा बदलतो, अशी तक्रार उरण तालुक्यात घरोघरी ऐकू येते. स्थानिक मुलगा म्हटला की त्याच्या मागून भावकी आली, गावकमिटी आली, युनियन आली. उद्या त्याला काढायचे ठरवले तर गेटवर मोर्चा आला. त्यापेक्षा परराज्यातून आलेला, आठ जणांत एक खोली करून राहणारा मुलगा बरा, कारण तो ओव्हरटाइमचा हिशेब विचारत नाही. मुलगी आली तर ‘रात्रपाळी असते, तुम्हाला जमायचे नाही’ हे तिला न विचारताच ठरते. वय चाळिशीपुढचे असले, पाय अधू असला, आडनाव ऐकून भुवई वर गेली, तर ‘कळवतो’. ते कळवणे पुढे कधीच होत नाही. आणि यातले काहीही कोणी लिहून देत नाही.

ही तोंडी चाळणी आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर लागणार आहे. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि लोकल उरणपर्यंत पोहोचली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. जवाहरलाल नेहरू बंदर तर १९८९ पासून आहेच, आणि त्याच्या पाठीशी सिडकोच्या द्रोणागिरी नोडमध्ये कंटेनर यार्ड, कंटेनर फ्रेट स्टेशने (सीएफएस), गोदामे यांची रांग उभी आहे. रोजगार येणार, हे खरे. पण नेमक्या याच काळात, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि एकोणतीस जुने केंद्रीय कायदे त्यांत विरले. भरती वाढते आहे आणि भरतीतल्या अन्यायाविरुद्ध दाद मागायची चौकट बदलते आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र घडत असताना उरणमध्ये, पनवेलमध्ये आणि मंत्रालयातही फारशी कोणाची झोप मोडलेली दिसत नाही.

आपल्या देशात खासगी मालकाने धर्म पाहून नोकरी नाकारली, तर त्याला थेट रोखणारा कामगार कायदा नाही. हे वाक्य वाचून अनेकांचा विश्वास बसणार नाही, कारण ‘संविधानाने समतेचा हक्क दिला आहे’ हे शाळेपासून पाठ आहे. संविधानाने तो दिला, पण अनुच्छेद १६ मधली संधीची समानता सरकारी नोकरीपुरती आहे. बंदर प्राधिकरणाच्या कायम नोकराला ती लागू, बंदराबाहेरच्या खासगी यार्डातल्या क्लार्कला नाही. मे २०१५ मध्ये मुंबईत हे उघडे पडले. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या एका मुस्लिम तरुणाने हिऱ्यांच्या निर्यातीतल्या एका कंपनीकडे अर्ज केला. काही मिनिटांत ई-मेलने उत्तर आले: आम्ही फक्त मुस्लिमेतर उमेदवार घेतो. गदारोळ झाला, अल्पसंख्याक आयोगाने दखल घेतली, कंपनीने एका प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्याची चूक म्हणून हात झटकले. पोलिसांना गुन्हा तर नोंदवायचा होता. पण नोकरीतल्या भेदभावाचे कलमच सापडेना. अखेर त्यांनी भारतीय दंडसंहितेचे १५३-ब वापरले, जे राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणणाऱ्या विधानांसाठी आहे. म्हणजे नोकरी नाकारणे हा गुन्हा ठरला नाही. नाकारण्याचे कारण लिहून पाठवणे हा ठरला. त्या घटनेतून देशभरच्या भरती विभागांनी काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको. पुन्हा कोणी लिहिणार नाही.

याचा अर्थ कायदे नाहीत असा नाही. कायदे पुष्कळ आहेत. ते एकेका आंदोलनातून, एकेका खटल्यातून, एकेका लाजिरवाण्या घटनेतून आले आणि जिथल्या तिथे राहिले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नोकरी-धंद्यापासून अडवणे १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार आला. दिव्यांगांसाठी २०१६चा कायदा आहे. त्यात खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात काय काय हवे ते नियमांत लिहिले आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९चा. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा. यादी भरगच्च दिसते, पण ही गोधडी आहे आणि तिचे टाके एकमेकांना भिडलेले नाहीत. ज्याच्या वाट्याला दोन तुकड्यांमधली फट येते तो उघडाच राहतो. धर्म, प्रांत, गाव, वय, लग्न झाले की नाही, युनियनचे सभासदत्व, यांतल्या काही कारणांना अर्धवट संरक्षण आहे, काहींना मुळीच नाही.

आणि जिथे पूर्ण संरक्षण आहे, तिथे तरी काय घडते? बंदराशी नाते सांगणारे एक प्रकरण आठवण्यासारखे आहे. मॅकिनन मॅकेन्झी ही मुंबईतली जुनी जहाज कंपनी. तिथे ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. कंपनीने वरिष्ठांकडे काम करणाऱ्या स्त्रियांचा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असा वेगळाच वर्ग केला होता, आणि त्या वर्गाची वेतनश्रेणी पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा खालची. १९७५च्या वटहुकुमातून आणि मग १९७६च्या कायद्यातून समान वेतनाचा हक्क आला. जून १९७७ मध्ये डिकोस्टांची नोकरी गेली. त्यांनी फरकाची रक्कम मागितली. पहिल्या पायरीवर त्या हरल्या. अपिलात मे १९८२ मध्ये कामगार उपायुक्तांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि रक्कम ठरवली ७ हजार १९६ रुपये ६७ पैसे. एवढ्या रकमेसाठी कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली; खंडपीठाकडे गेली, हरली; सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २६ मार्च १९८७ रोजी तिथेही हरली. हा निकाल आज देशभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवतात. कंपनीची ऐपत नाही हा बचाव चालणार नाही, कामाचे बारकावे थोडेफार निराळे असले म्हणून काम निराळे ठरत नाही, ही त्यातली तत्त्वे आजही वापरात आहेत.

आम्हाला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती खालची वेतनश्रेणी कंपनीने चोरून लादलेली नव्हती. ती कंपनी आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारात बसवलेली होती आणि कंपनीने न्यायालयात तोच करार ढालीसारखा पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने तो बाजूला सारला: कायद्याच्या विरुद्ध असलेला करार दोन्ही पक्षांनी सही केला म्हणून पवित्र होत नाही. उरण-पनवेलच्या पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतात, फटाके वाजतात, हार घातले जातात, फोटो छापून येतात. त्या करारांत कंत्राटी कामगार कुठे असतो? हाऊसकीपिंगची बाई कुठे असते? युनियनच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न विचारणे म्हणजे मालकाची तळी उचलणे नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी हाच प्रश्न विचारला होता. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. ती बंदी मालकांनी घातलेली नव्हती, कामगारांनीच पाळलेली होती. मागण्यांच्या यादीत ही बंदी उठवण्याची मागणी घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना ती नकोशीच वाटली होती. भेदभावाविरुद्धचा लढा फक्त मालकाच्या केबिनकडे तोंड करून लढता येत नाही, हे महाराष्ट्राला जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे.

आता नव्या संहितांकडे वळू. १९७६चा समान वेतन कायदा जाऊन त्याची जागा वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमाने घेतली आहे. चांगले असे की जुना कायदा स्त्री आणि पुरुष यांच्यापुरता होता, नव्याने लिंगाधारित भेदभाव असा व्यापक शब्दप्रयोग केला. पण जुन्या कायद्यात १९८७ नंतर पदोन्नती, प्रशिक्षण, बदली हे शब्द स्पष्टपणे लिहिलेले होते. नव्यात ‘नोकरीच्या शर्ती’ एवढ्यावर भागवले आहे. वकील म्हणतील, त्यात सगळे आले. आले असेलही. पण सुटे सुटे लिहिलेले काढून मोघम लिहिले की उद्या वाद कशावरून होणार, हे ज्याने एकदा तरी कामगार न्यायालयाची पायरी चढली आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि सगळ्यात मोठी संधी इथेच हुकली. एकोणतीस कायदे एकत्र करायला घेतलेच होते, तर त्याच कलमात लिंगाच्या शेजारी जात, धर्म, अपंगत्व, प्रांत, वय एवढे शब्द घालायला किती शाई लागली असती? १९५८च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करार क्रमांक १११ मध्ये वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ अशी यादी आहे, आणि भारताने तो करार ३ जून १९६० रोजी मान्य केलेला आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्यानंतर साठ वर्षांनी संहिता लिहिल्या गेल्या आणि त्या यादीतले लिंग तेवढे वेतन संहितेत आले.

औद्योगिक संबंध संहितेतला बदल द्रोणागिरीसाठी अधिक धोक्याचा आहे. कामगाराची गैरवर्तणूक म्हणजे काय, नोटीस कशी द्यायची, चौकशी कशी करायची, हे ज्यांत लिहिलेले असते ते स्थायी आदेश. केंद्राच्या जुन्या कायद्यानुसार शंभर कामगारांच्या आस्थापनेला ते बंधनकारक होते. आता ही मर्यादा तीनशेवर गेली. द्रोणागिरीच्या गोदामांत तीनशे माणसे एका मालकाच्या पटावर कुठे असतात? यार्ड एकाचे, क्रेन दुसऱ्याची, ट्रेलर तिसऱ्याचे, स्टफिंग-डीस्टफिंगची टोळी चौथ्या ठेकेदाराची, सुरक्षारक्षक पाचव्या एजन्सीचे. एकाच आवारात चारशे लोक राबत असले तरी कागदावर कोणाचेच तीनशे भरत नाहीत. नियम लिहिलेलेच नसतील तर ‘मला वेगळा नियम लावला’ अशी तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची?

यावर महाराष्ट्राकडे स्वतःचे एक जुने आणि बऱ्यापैकी धारदार हत्यार आहे. कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१चा कायदा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा म्हटली आहे. बदली, हंगामी, तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे राबवून कायमपणाचे फायदे नाकारणे हीसुद्धा. मधे मधे ‘ब्रेक’ देऊन हजेरी तोडण्याचा प्रकार ज्यांनी भोगला आहे त्यांना हे कलम तोंडपाठ असते. पण या कायद्याखाली तक्रार नव्वद दिवसांत करायची असते, आणि ती करायला आधी तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले कामगार असायला हवे. ज्याला गेटवरूनच परत पाठवले, तो कुणाचा कामगारच झालेला नसतो. भरतीतला भेदभाव हा सगळ्यात जास्त होणारा भेदभाव, आणि त्याच टप्प्यावर संरक्षण सगळ्यात पातळ.

बरे, दाद मागायचीच ठरवली, तर जायचे कुठे? द्रोणागिरीच्या एकाच रस्त्यावर उभे राहून हा प्रश्न विचारून पाहावा. बंदर हे ‘मोठे बंदर’, म्हणून तिथल्या औद्योगिक वादात समुचित शासन केंद्राचे. केंद्रीय वखार महामंडळाच्या सीएफएसमध्ये काम करत असाल तरी केंद्र. त्याच्या शेजारच्या कुंपणापलीकडचे खासगी यार्ड राज्याकडे. माथाडी म्हणून नोंद असेल तर १९६९च्या माथाडी कायद्याखालचे मंडळ. छळाची तक्रार बाईची असेल आणि जागेवर दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आणि हा जिल्हा कोणता? पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहायची सवय असली तरी द्रोणागिरी नवी मुंबई महापालिकेत नाही. ती उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. सेतूवरून मुंबई गाठायला आता अर्धा तासही पुरतो, पण अलिबागला जायचे तर करंजाहून रेवसची लाँच धरायची, नाही तर पेणवरून वळसा घालायचा. बारा तासांची पाळी करणाऱ्या हंगामी बाईने खाडा करून, त्या दिवसाची मजुरी बुडवून, कुठल्या कार्यालयात जायचे हे आधी शोधायचे आणि मग तिथे जायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या हाती मुदत किती? लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिने. समितीला पटले तर आणखी तीन.

हा कायदा निदान आहे तरी. पण सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने म्हणावे लागले की कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने पुन्हा आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, समित्या स्थापन करा, तालुक्या-तालुक्यात नोडल अधिकारी नेमा. म्हणजे संसदेने २०१३ मध्ये लिहिलेली गोष्ट करा, असे सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा वेळ काढावा लागला.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक वळण आहे. नव्या संहितांनी त्यांना संमतीने रात्रपाळी करण्याची मुभा दिली, सुरक्षा आणि वाहतुकीच्या अटी घातल्या. आम्ही या बदलाचे स्वागत करतो; बाईने रात्री काम करू नये हे ठरवण्याचा अधिकार सरकारला नव्हताच. पण अटी खर्चाच्या आहेत आणि खर्च टाळायचा सोपा मार्ग म्हणजे बाईच न घेणे. सव्वीस आठवड्यांच्या प्रसूतिरजेचे हेच झाले. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली (ईएसआय) न येणाऱ्या नोकरीत तो सगळा भार मालकावर, म्हणून मुलाखतीत ‘लग्न कधी करणार’ हा प्रश्न. साठच्या दशकात मुंबईतल्या एका औषध कंपनीने अविवाहित मुलींनी लग्न होताच नोकरी सोडावी असा नियमच केला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. आज तसा नियम कोणी लिहीत नाही. मुलाखतीतल्या प्रश्नावर काम भागते.

द्रोणागिरीपुरता सगळ्यात नाजूक प्रश्न मात्र स्थानिक आणि परप्रांतीय यांचा, आणि त्यावर गुळमुळीत लिहून चालणार नाही. १९७० पासून इथली भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. जमीन देताना नोकरीचे शब्द दिले गेले होते. त्या कुटुंबांना भरतीत अग्रक्रम मागणे हा प्रांतवाद नाही. ती थकलेली बाकी आहे. शब्द घेतलेल्याच्या नातवाला ‘तुम्ही गावचे, म्हणून नको’ असे सांगणे यासारखा उलटा न्याय नाही, आणि असा नकार आज कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही.

पण त्याच गेटच्या आत उभा असलेला झारखंडचा किंवा उत्तर प्रदेशचा मुलगा या अन्यायाचा मालक नाही. तो स्वस्त आहे म्हणून आत आहे. स्थलांतरित कामगाराला त्याच कामासाठी स्थानिकाएवढीच मजुरी द्यावी, असे १९७९च्या कायद्यात लिहिले होते. ते खरोखर पाळले गेले असते, तर ठेकेदाराला त्याला आणण्यात एवढा रस उरला नसता. त्याला कमी देता येते म्हणून याला घेत नाहीत. हा बाहेर चिडलेला आहे म्हणून तो आत घाबरून गप्प राहतो. एकाच्या भीतीवर आणि दुसऱ्याच्या रागावर तिसरा माणूस टक्केवारी कमावतो आहे. ‘परप्रांतीय हटवा’ असे फलक लावणारे पुढारी या तिसऱ्या माणसाचे नाव फलकावर कधी घालत नाहीत. कित्येक ठिकाणी तो त्यांच्याच नात्यातला किंवा पक्षातला असतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. शिवाय सरसकट कोट्याचा रस्ता न्यायालयात टिकत नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत पंच्याहत्तर टक्के स्थानिकांसाठी कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. प्रकल्पग्रस्ताचा हक्क जमिनीच्या बदल्यातला आहे, जन्मगावाचा नाही, हा फरक कायद्यात नीट लिहिला नाही तर इथलाही हक्क त्याच वाटेने जाईल.

मग करायचे काय? दिल्लीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानंतर समान संधी आयोगाचा मसुदा तयार झाला, तो कपाटात गेला. २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडले गेले, तेही तिथेच थांबले. पण कामगारविषयक कायदे समवर्ती सूचीत आहेत. राज्याला हात आहेत. आणि हे राज्य अशा बाबतीत हात वापरण्यासाठी प्रसिद्ध होते. माथाडी कायदा देशात आधी इथे झाला, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये इथे झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळाने केला, आणि त्यामागे रायगड जिल्ह्यातल्याच वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. गावकीने माणसाला वाळीत टाकणे गुन्हा ठरवणाऱ्या राज्याला, ठेकेदाराने गावाला वाळीत टाकणे गुन्हा ठरवता येऊ नये?

असा कायदा झाला तर त्यात तीन गोष्टी सोडून बाकी सगळ्यावर तडजोड करता येईल, असे आमचे मत आहे. पहिली, पुराव्याची जबाबदारी. नोकरी का नाकारली याची कागदपत्रे मालकाच्या कपाटात आणि भेदभाव सिद्ध करायचा उमेदवाराने, हा खेळ सुरुवातीलाच हरलेला असतो. ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्यात यावर साधा उपाय आहे: भेदभाव झाला असावा असे वाटण्याजोगी परिस्थिती तक्रारदाराने दाखवली, की तो झाला नाही हे सिद्ध करणे मालकाचे काम. दुसरी, मुख्य मालकाची जबाबदारी. ठेकेदाराने केलेल्या भरतीचा जाब यार्डाच्या, टर्मिनलच्या, विमानतळाच्या मुख्य चालकाला द्यावा लागेल, अशी तरतूद नसेल तर कायदा रबरी शिक्क्याच्या पाच कंपन्यांमध्ये विरघळून जाईल. शिक्षा किती, दंड किती, हे नंतर ठरवता येईल.

तिसरी, तक्रारदाराचे नाव झाकण्याची सोय. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराची याचिका आली. एका सार्वजनिक उपक्रमाने तो एचआयव्हीबाधित आढळताच त्याला कामावरून दूर केले होते. न्यायालयाने त्याला नाव उघड न करता लढू दिले, आणि काम करण्याइतका माणूस धडधाकट असेल तर केवळ या कारणाने त्याची रोजी काढता येणार नाही, असा निकाल दिला. संसदेला तेच कायद्यात लिहायला पुढे वीस वर्षे लागली. नाव उघडे पडणार असते तर तो माणूस न्यायालयात आलाच नसता. उरणसारख्या तालुक्यात, जिथे ठेकेदार, सरपंच आणि तक्रारदार एकाच लग्नात जेवतात, तिथे ही सोय नसलेला कायदा कोणी वापरणार नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. पण रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि कामगार उपायुक्तांना विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. उरण तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, त्याचा फोन कोणता, हे द्रोणागिरीतल्या प्रत्येक सीएफएसच्या आणि गोदामाच्या गेटवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावण्याचा आदेश आठवडाभरात निघू शकतो. स्थानिक समितीची महिन्यातून एक बैठक अलिबागऐवजी उरणच्या तहसील कचेरीत, सुट्टीच्या दिवशी, पाळी संपल्यानंतर घेता येऊ शकते. केंद्राचा आणि राज्याचा कामगार अधिकारी त्याच दिवशी त्याच कचेरीत एका टेबलाशी बसले, तर आपण कोणाच्या हद्दीत येतो हे शोधण्याचे काम तक्रारदारावर पडणार नाही. आणि उरणमधल्या युनियनांनी पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात भरतीचे निकष लेखी जाहीर करण्याचे आणि नाकारलेल्या उमेदवाराला कारण लेखी कळवण्याचे कलम घालावे. पगारवाढीच्या आकड्यावर जेवढे ताणतात, तेवढेच या कलमावर ताणावे.